'ओन्ली' : असून वाचला नाही, नसून वाचला

शाळेत आम्हाला 'ओन्ली' म्हणजे 'फक्त' एवढेच शिकविले गेले. मात्र हे क्रियाविशेषण वाक्यात कुठे बसते यावर सारा अर्थ ठरतो. आपल्या मराठीत हे काम 'च' करतो. 'त्यानेच भाकरी खाल्ली' आणि 'त्याने भाकरीच खाल्ली'. एक अक्षर सरकले की पंगतच बदलते!

संविधानाच्या कलम १५(१), १६(२) आणि २९(२) मध्ये हा 'ओन्ली' आहे. जात, धर्म अशा 'केवळ' कारणांवरून भेदभाव नको, असे ती कलमे सांगतात. मग जातीसोबत पिढ्यान्‌पिढ्यांचे मागासलेपण हेही कारण असेल तर? तिथे 'केवळ' उरतच नाही. मद्रास सरकारने कॉलेजातील दर १४ जागा समाजवार वाटल्या होत्या. त्यांत ब्राह्मणांनाही २ होत्या. तरीही ९ एप्रिल १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चंपकम दोराईराजन प्रकरणात तो आदेश रद्द केला. पुढच्याच महिन्यात कायदामंत्री बाबासाहेबांनी संसदेत ठणकावले की, न्यायालयाने 'ओन्ली' या शब्दाचा पुरेसा विचारच केलेला नाही. एका क्रियाविशेषणासाठी देशाचा कायदामंत्री सभागृहात उभा राहिला! त्याच वर्षी पहिल्या घटनादुरुस्तीने कलम १५(४) आले.

आता उलटा प्रकार पाहा. १९८९ च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(२)(५) मध्ये पीडित व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची आहे 'या कारणावरून' केलेला गुन्हा, असे शब्द होते. 'केवळ' नव्हता. तरी न्यायालये तो वाचत गेली. जमिनीचा वाद होता, जुने वैर होते, म्हणजे केवळ जात नव्हे! २००६ च्या खैरलांजी हत्याकांडात भोतमांगे कुटुंबातील चौघे मारले गेले. २००८ च्या निकालात आठ जण दोषी ठरले, पण न्यायालयाला सूड दिसला, जात दिसली नाही. अ‍ॅट्रॉसिटी लागली नाही. गावात सूड कोणावर आणि कसा उगवता येतो, हे आम्हाला कोणी शिकवायला नको.

२०१५ च्या दुरुस्तीने आरोपीला पीडिताची जात ठाऊक असणे पुरेसे ठरले. ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. एप्रिल २०२१ मध्ये पाटन जमाल वली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्वतःच सांगितले की, जुन्या शब्दांतही 'केवळ' घुसवू नये. त्या खटल्यातील पीडिता अनुसूचित जातीची, स्त्री आणि जन्मांध. न्यायालयाने हे तिन्ही अन्याय एकमेकांत गुंतलेले असल्याचे मान्य केले. बलात्काराबद्दलची जन्मठेप कायम राहिली. अ‍ॅट्रॉसिटीचे कलम मात्र पुराव्याअभावी गळाले, कारण जात हेही एक कारण होते असा पुरावा सरकारी पक्षाने आणलाच नव्हता.