भिंतीवरचे कापड आणि मागची हवा

१८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात फॉग कलासंग्रहालयाचे नवे व्याख्यानगृह सुरू झाले आणि तिथे वक्त्याचे बोलणे कोणाला धड कळेना. रिकाम्या सभागृहात आवाज सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही, तेवढ्यात पुढचे दहा-पंधरा शब्द त्यावर येऊन आदळत. हे निस्तरायचे काम वॉलेस सॅबिन या तरुण भौतिकशास्त्रज्ञाकडे आले. परिसर शांत झाल्यावर, रात्री उशिरा, तो शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून सभागृहात मांडी, ऑर्गनची एक नळी वाजवी, ती थांबली की आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजी आणि मग आणखी गाद्या मांडी. सगळ्या गाद्या आत आल्यावर तो वेळ सेकंदाच्या आसपास उतरला. खोलीचे घनफळ आणि तिच्यातले एकूण शोषण या दोन गोष्टींवर घुमणे ठरते, हे सूत्र त्याला त्यातूनच गवसले. सभागृहाच्या भिंतींना पुढे नमदा लावला गेला. कापडाने खोली सुधारते ही गोष्ट इतकी जुनी आणि मोजून सिद्ध झालेली आहे.

आज सुती तंतूंचा लगदा पाण्यात कालवून थापीने भिंतीवर पसरवायचे लेप मिळतात आणि आवाज घुमण्यावरचा उपाय म्हणूनही ते विकले जातात. सॅबिनच्या गाद्यांचा दाखला मात्र त्यांना सरसकट लागू पडत नाही. तंतूंच्या फटींतून हवा पुढे-मागे सरकते, घासते आणि आवाजाची ऊर्जा उष्णतेत जिरते. पण कठीण भिंतीला अगदी लागून असलेली हवा जवळजवळ हलतच नाही. तिची हालचाल सर्वांत जास्त असते ती भिंतीपासून पाव तरंगलांबीवर. १००० हर्ट्झच्या आवाजासाठी हे अंतर साडेआठ सेंटिमीटर भरते, १२५ हर्ट्झसाठी जवळपास ६९. दोन-तीन मिलिमीटरचा लेप म्हणजे फक्त तीक्ष्ण आवाजांपुरताच उपाय. त्यावर रंगाचा हात फिरवला तर फटी बुजतात आणि तेही शोषण जाते.

तीक्ष्ण आवाज कमी झाले तरी फायदाच की, असे कोणी म्हणेल. समोरासमोरच्या उघड्या भिंतींमधला टाळीसारखा खणखणाट त्याने सौम्य होतो, हे खरेच आहे. पण स, श, च, ट ही व्यंजने ओळखू येतात ती वरच्या पट्टीतल्या ध्वनींमुळे. ते शोषून खालची घुमघुम तशीच ठेवली तर खोली मंद वाटते, बोलणे स्पष्ट होत नाही. १५० घनमीटरच्या वर्गात घुमण्याचा काळ ०.६ सेकंदावर आणायचा तर सॅबिनच्या सूत्राने सुमारे ४० चौरस मीटर पूर्ण शोषण लागते. लेप त्यावर पडलेल्या आवाजाचा दहावा हिस्सा शोषतो असे धरले, तर ६० चौरस मीटर भिंत लेपूनही पदरात पडतात फक्त सहा. उलट सच्छिद्र कापड चौकटीवर ताणून मागे पाच सेंटिमीटर काचलोकर आणि तेवढीच हवेची पोकळी ठेवली, तर बोलण्याच्या बऱ्याचशा पट्ट्यात ८० टक्क्यांपर्यंत शोषण मिळू शकते. जागा अडते, धूळ बसते, कापड पेट घेते, हे आक्षेप रास्त आहेत. म्हणून कापड आग न धरणारे आणि काढून झटकता येईल असे बसवावे, छताचाही विचार करावा. शेजारचा टीव्ही मात्र यातल्या कशानेच थांबणार नाही, त्याला जड आणि फट नसलेली भिंतच हवी. विकत घेताना विक्रेत्याकडे १२५ ते ४००० हर्ट्झपर्यंतचे शोषणाचे आकडे मागावेत आणि ते मोजताना मागे किती पोकळी होती, हेही विचारावे. तो हिशेब जुळला की उरलेल्या भिंतीवर लेप खुशाल द्यावा.