जुन्या घराच्या भिंती : वरचे रंगरूप आणि आतील अवस्था

राहण्यासाठी जुने घर पाहावयास गेलेल्या मनुष्याची दृष्टी सर्वप्रथम भिंतीवर पडते. नीळ घातलेल्या चुन्याची सफेदी, हाताला लागणारा फिकट डिस्टेंपर, कमरेइतक्या उंचीपर्यंत दिलेला तपकिरी तैलरंगाचा पट्टा, ही गेलेल्या काळाची चिन्हे पाहून त्याचे मन खट्टू होते. उलट, नुकताच रंग दिलेले घर त्याला निर्दोष वाटते. हे दोन्ही निष्कर्ष फसवे आहेत. रंग जुना आहे की नवा, याला फारसे महत्त्व नाही. त्याखालची भिंत कोरडी आहे काय आणि गिलावा तिला घट्ट धरून आहे काय, हा खरा प्रश्न आहे. न आवडणारा रंग थोड्या खर्चात बदलता येतो. ओल मात्र तिचे मूळ शोधल्यावाचून जात नाही.

प्रथम चुन्याचा विचार करू. सिमेंटचा सर्रास वापर सुरू होण्यापूर्वी देशाच्या बहुतेक भागांत विटांची व दगडांची पक्की बांधकामे चुन्यात होत असत. चुनखडी भाजून कळीचा चुना मिळतो. तो पाण्यात विरवून भिंतीला लावला म्हणजे हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेऊन हळूहळू पुन्हा चुनखडीसारखा कठीण होतो. या थरात असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. भिंतीत शिरलेले पाणी त्यांतून वाफेच्या रूपाने बाहेर पडते. म्हणूनच जुन्या भिंती पावसाळ्यात ओलावा घेत आणि उन्हाळ्यात तो सोडून देत.

अशा भिंतीवर पुढील काळात सिमेंटचा गिलावा केला किंवा तैलरंग चढवला, तर पाण्याची ही वाट अडते. मग ते भिंतीतच साठते अथवा अधिक वर चढते. त्याबरोबर आलेले क्षार पृष्ठभागाशी साचतात. रंगाला फुगे येतात, पोपडे सुटतात आणि पांढरी भुकटी दिसू लागते. यालाच भिंतीला लोणा लागणे म्हणतात. अशा वेळी घरमालक बहुधा आणखी एक जाड थर देतो आणि दोष काही काळ झाकला जातो. तात्पर्य, जुन्या चुन्यापेक्षा त्यावर चढवलेल्या नव्या थराविषयी अधिक सावध असावे.

परीक्षा करण्यास मोठी साधने लागत नाहीत. शक्य असल्यास घर पावसाळ्यात किंवा तो संपताच पाहावे. बोटाच्या पेराने भिंत ठिकठिकाणी ठोकावी; पोकळ आवाज आल्यास गिलावा सुटला आहे असे समजावे. कपाटामागची जागा, खिडकीखालचा भाग आणि न्हाणीघराला लागून असलेली भिंत अवश्य पाहावी. जमिनीपासून वर चढलेला डाग पायातील ओल सुचवतो. छताजवळचा डाग गच्चीची किंवा नळाची गळती दाखवतो. सर्व खोलीचा रंग जुना आणि एकाच कोपऱ्याचा नवा असेल, तर त्याचे कारण विचारावे.

जुन्या तैलरंगाच्या बाबतीत आणखी एक धोका आहे. पूर्वी अनेक रंगांत शिशाची संयुगे वापरीत. पिवळ्या व तत्सम भडक छटांत ती विशेष आढळत. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीस बाधक ठरते आणि त्याचे कोणतेही निर्धोक प्रमाण ज्ञात नाही. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक नसावे, असा नियम २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीचा तैलरंग शिसेयुक्त असू शकतो, हे गृहीत धरावे. तो घट्ट बसलेला असल्यास उगाच खरवडू नये. काढणे भागच पडले तर कोरडा घासू नये आणि जाळूही नये. पृष्ठभाग ओला ठेवून काम करावे, मुलांना व गर्भवती स्त्रियांना दूर ठेवावे आणि पडलेला चुरा ओल्या फडक्याने टिपावा.

कधी कधी मात्र जुना थर हेच घराचे धन असते. राजस्थानातील आराइश किंवा तमिळनाडूच्या चेट्टिनाड भागातील अंड्याचा पांढरा बलक घालून केलेला चुन्याचा गिलावा घोटून इतका गुळगुळीत केलेला असतो, की त्याला रंगाची गरजच उरत नाही. तो फोडण्यास एक दिवस पुरतो. पुन्हा करण्यास जाणता कारागीर शोधावा लागतो.

म्हणून घर पाहताना मनात दोन याद्या कराव्यात : केवळ न आवडणाऱ्या गोष्टींची एक आणि बिघडलेल्या गोष्टींची दुसरी. किमतीची बोलणी दुसरीच्या आधारे करावी. पहिलीतील गोष्टींसाठी राहावयास गेल्यानंतरही पुष्कळ अवधी असतो.