मोरी का तुंबते?

मुलांनो, भाईंदर पश्चिमेहून उत्तनच्या बाजूला तुम्ही कधी गेला आहात का? तिकडे समुद्राच्या काठी चौक नावाचे गाव आहे. चार रस्ते जेथे मिळतात त्या जागेला आपण उर्दूतही चौक म्हणतो. हा चौक मात्र एक गाव आहे, मासेमारी करणाऱ्या लोकांचे. समोर वसईची खाडी आणि खाडीपलीकडे वसईचा किल्ला. 1739 साली चिमाजी अप्पांच्या फौजेने वसई घेतली. त्याआधी अलीकडच्या काठावरचा धारावी किल्ला त्यांना जिंकावा लागला होता. (मुंबईतील धारावी ती वेगळी.) पण हा इतिहासाचा धडा नाही. तुमच्या ताटात उरलेले अन्न शेवटी कोठे जाते, हे पाहण्यासाठी आपल्याला या गावापर्यंत यायचे आहे.

सुरुवात तुमच्या घरातील मोरीपासून करू. मोरी हा शब्द तुम्हांला नवा नाही. उर्दूत मोरी म्हणजे नाली. मराठीत भांडी घासण्याच्या, पाणी सांडण्याच्या जागेलाही मोरीच म्हणतात. आता पुष्कळ घरांत ओट्यावर स्टीलचे सिंक असते. पण तुंबायची सवय तिची तीच! पाहुणे जेवून गेले, भांड्यांचा ढीग पडला, की नेमके त्याच वेळी पाणी वर येते.

असे का होते? सिंकखाली वाकून पाहा. तेथे बाटलीसारखा एक भाग दिसेल. प्लंबर त्याला बॉटल ट्रॅप म्हणतात. फरशीवरच्या मोरीत हेच काम नहाणी ट्रॅप करतो. या भागात थोडे पाणी नेहमी साठून राहते. ते पाणी म्हणजे एक पडदाच होय. वरचे पाणी त्यातून खाली जाते, परंतु गटारातील दुर्गंधी वर येऊ शकत नाही. ही युक्ती जुनी आहे. लंडनमधील अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने 1775 साली शौचकूपासाठी वळणाची नळी वापरली. त्या वळणात पाणी अडून राहत असे. घड्याळे करणाऱ्या माणसाला ही गोष्ट सुचावी, याची मला नेहमी गंमत वाटते.

जेथे पाणी थांबते, तेथे कचराही थांबतो. भाताची शिते, चहाची भुकटी, डाळीचा गाळ हळूहळू तळाशी बसतो. पण खरा शत्रू तेल आणि चरबी. कुर्म्याचे किंवा नहारीचे भांडे गरम असताना चरबी पातळ असते व सहज वाहून जाते. पुढे नळीत ती थंड होते, गोठते आणि नळीच्या आतील बाजूला चिकटते. मग येणारे प्रत्येक शीत तिला चिकटत जाते. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात 2017 साली जमिनीखालच्या गटारात अशाच गोठलेल्या चरबीचा, त्यात अडकलेल्या कापडी-कागदी कचऱ्याचा गोळा सापडला. त्याची लांबी सुमारे 250 मीटर आणि वजन सुमारे 130 टन होते! त्याचा एक तुकडा पुढे तेथील संग्रहालयात ठेवण्यात आला.

मोरी तुंबली तर लगेच प्लंबरला बोलवावे लागते असे नाही. प्रथम लाकडी दांड्याचा रबरी पंप घ्या. सिंकमध्ये थोडे पाणी राहू द्या, पंप भोकावर घट्ट बसवा आणि दहा-पंधरा वेळा दाबून वर ओढा. एवढ्याने पाणी उतरले नाही, तर ट्रॅपखाली बादली ठेवा. बादलीशिवाय या कामाला हात लावू नका, नाहीतर सगळे घाण पाणी फरशीवर येईल आणि अम्मी तुमच्यावर रागावतील. ट्रॅपची खालची वाटी हाताने फिरवून सोडवा. आतील गाळ काढा, जुन्या दात घासण्याच्या ब्रशने वाटी घासा. तो गाळ पुन्हा मोरीत टाकू नका. वाटीच्या कडेला रबराचा वॉशर असतो. तो चिरला असेल तर पाणी गळत राहते; नवा वॉशर स्वस्त मिळतो. ट्रॅपलाच तडा गेला असेल तर संपूर्ण ट्रॅप बदलावा. दुकानात जाताना जुना ट्रॅप सोबत न्या, म्हणजे मापाची चूक होणार नाही. शेवटी वाटी बसवून पाणी सोडा आणि सांध्यावर कोरडा कागद फिरवा. कागद कोरडा राहिला, तर काम झाले.

मोरी साफ करण्याच्या ॲसिडपासून तुम्ही दूरच राहा. त्याने त्वचा व डोळे भाजतात. ॲसिड आणि ब्लीच एकत्र झाले तर क्लोरीन हा विषारी वायू तयार होतो.

आता तुम्ही विचाराल, उरलेले अन्न बारीक दळून पाण्याबरोबर सोडून दिले तर? हा विचार अमेरिकेतील जॉन हॅम्स या वास्तुरचनाकाराने 1927 साली केला आणि सिंकखाली बसणारे विजेचे यंत्र तयार केले. लोकांना वाटते त्यात पाती असतात. तसे नाही. आत एक तबकडी वेगाने फिरते आणि अन्न कडेच्या खरखरीत कड्यावर आपटून त्याचा चुरा होतो. हाड किंवा चमचा अडकला की यंत्र बंद पडते. तेव्हा वीज बंद करावी, हात कधीही आत घालू नये, अडकलेली वस्तू चिमट्याने काढावी. बऱ्याच यंत्रांच्या तळाशी षटकोनी चावीसाठी भोक असते. तेथे चावी लावून तबकडी मागेपुढे फिरवली की ती मोकळी होते. मग तळाचे लाल बटण दाबावे. यंत्राच्या अंगातूनच पाणी गळू लागले, तर दुरुस्तीत पैसे न घालता ते बदलणेच बरे.

यंत्र चांगले आहे. पण दळलेले अन्न नाहीसे होत नाही. ते फक्त पुढे जाते. न्यूयॉर्क शहरात गटारांवर भार पडेल म्हणून ही यंत्रे बसवायला बहुतेक भागांत बंदी होती. ती 1997 साली उठली. जेथे पाणी शुद्ध करण्याची सोय नाही, तेथे मोरीचे पाणी उघड्या गटाराने नाल्याला आणि नाल्यातून खाडीला मिळते. अन्न कुजताना पाण्यातील प्राणवायू वापरला जातो आणि माशांना तो कमी पडतो. आपल्या भागात खाडीच्या तोंडाशी जाळे टाकून कोण बसले आहे? चौकचा मच्छीमार.

बरे, अन्न मोरीत न टाकता कचऱ्याच्या बादलीत टाकले तर? तेही फार दूर जात नाही. मीरा-भाईंदर महानगरपालिकेचा कचरा उत्तनच्या धारावी डोंगरावर नेला जातो. नया नगरमधील कलिंगडाची साल आणि भाईंदरमधील भाजीचे देठ, दोघांची भेट तेथे होते. ओला कचरा प्लॅस्टिकबरोबर मिसळून ढिगात दबला की त्याला हवा मिळत नाही. हवेशिवाय कुजताना मिथेन हा ज्वलनशील वायू तयार होतो. म्हणून अशा ढिगांना आग लागते आणि ती विझता विझत नाही. ढिगातून काळे पाणी झिरपते. दुर्गंधी, धूर आणि हे पाणी यांबद्दल डोंगराखालच्या गावांतील लोकांनी अनेक वर्षे तक्रारी केल्या आहेत. त्यांच्या विहिरी आणि शेते उताराच्या खालीच आहेत. मला विचाराल तर त्यांचे म्हणणे आपण शहरात राहणाऱ्यांनी आधी ऐकायला हवे, कारण त्या ढिगात त्यांच्या घरचे थोडे आणि आपल्याच घरचे जास्त आहे.

ओला व सुका कचरा घरातच वेगळा करावा, असे 2016 सालच्या नियमांनी सांगितले. ओला कचरा वेगळा मिळाला तर त्याचे खत होते. हे काम तुम्ही खिडकीतही करू शकता. तळाला व बाजूंना भोके असलेली मातीची कुंडी घ्या. खाली नारळाच्या शेंड्या पसरा. त्यावर भाजीचे देठ, फळांच्या साली व चहाची धुतलेली भुकटी टाका आणि प्रत्येक थरावर सुकी पाने पसरा. हाडे, मासे व तेलकट रस्सा टाकू नका, उंदीर येतात. आठवड्यातून दोनदा काठीने ढवळा. वास आला तर समजा, ओल जास्त झाली. सुकी पाने वाढवा. दोन-तीन महिन्यांनी काळे, भुसभुशीत खत तयार होते. त्याला पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. रमजानमध्ये फळे जास्त येतात, तेव्हा एक कुंडी पुरत नाही. दुसरी आधीच आणून ठेवा.