गाव उठलंच पाहिजे, असं कायद्यात कुठेही नाही

“व्याघ्रप्रकल्प झाला ना, मग गाव उठणारच. कायदाच आहे तसा.”

हे वाक्य सफारीच्या गेटवर ताटकळणाऱ्या पर्यटकांच्या तोंडी असतं, वाघांवरच्या व्याख्यानांनंतरच्या गप्पांत असतं, वर्तमानपत्रातल्या बातम्यांत ते गृहीतच धरलेलं असतं. तिथवर मी समजू शकतो. पण हेच वाक्य जेव्हा व्याघ्रप्रकल्पाच्या गाभा (कोअर) क्षेत्रातल्या गावचा एखादा म्हातारा मान खाली घालून बोलतो, तेव्हा संताप येतो. कायदा त्याच्या बाजूने उभा आहे आणि त्यालाच सांगितलं गेलंय की कायदा तुझ्या विरोधात आहे. या एका गैरसमजामुळे विनाकारण उठलेली कुटुंबं आहेत, आणि ज्यांना खरोखर बाहेर पडायचं होतं त्यांच्याही पदरात नीट काही पडलेलं नाही. म्हणून आधी तो कायदाच वाचू.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. राजस्थानातल्या सरिस्कातले वाघ संपल्याचं २००५च्या सुमारास उघड झालं, सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली व्याघ्र कृती दल नेमलं गेलं आणि त्यानंतर २००६मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण तेव्हाच जन्माला आलं. या दुरुस्तीतलं ३८-व्ही हे कलम गाभा क्षेत्र वाघांसाठी निर्वेध, म्हणजे माणसांच्या वावरापासून मोकळं, ठेवा असं सांगतं, हे खरं. लोक नेमके इथे थांबतात. त्याच वाक्यात पुढे लिहिलंय की हे आदिवासींच्या आणि इतर वननिवासींच्या हक्कांना धक्का न लावता करायचं. आणि त्याच कलमाचं पाचवं उपकलम तर सगळं स्पष्ट करून टाकतं: परस्परसंमत अटींवरचं स्वेच्छा पुनर्वसन सोडलं, तर निर्वेध क्षेत्रासाठी कोणालाही हलवता येणार नाही. त्या अटींनाही बंधनं आहेत. आधी लोकांचे हक्क तपासून मान्य करण्याची प्रक्रिया पूर्ण झाली पाहिजे. मग लोकांच्या वावरामुळे वाघाचं आणि त्याच्या अधिवासाचं भरून न येणारं नुकसान होतंय, हे राज्याच्या यंत्रणांनी सिद्ध करायचं. तेसुद्धा लोकांची संमती घेऊन आणि तो भाग ओळखणाऱ्या पर्यावरण व समाजशास्त्राच्या अभ्यासकांना विचारून. त्यानंतर, सहजीवनाचा कोणताही वाजवी मार्ग उरलेला नाही असा निष्कर्ष निघायला हवा. मग उपजीविकेची हमी देणारी योजना. मग ग्रामसभेची आणि प्रत्यक्ष बाधित माणसांची, सगळं समजून दिलेली संमती. आणि नव्या जागी जमीन व सोयी मिळेपर्यंत जुन्या जागचे हक्क तसेच राहतील, हेही लिहिलेलं आहे.

वनहक्क कायदाही २००६चाच. त्याच्या चौथ्या कलमात जवळजवळ हीच साखळी आहे. म्हणजे संसदेने एकाच वर्षी दोन कायद्यांत एकच गोष्ट सांगितली. एवढं करूनही “कायदाच आहे तसा” हे वाक्य आपण खपवून घेतो.

इथे कोणीतरी हमखास म्हणतं, “वनहक्क कायदा व्याघ्रप्रकल्पात लागूच होत नाही हो.” लागू होतो. त्या कायद्याच्या वनभूमीच्या व्याख्येत अभयारण्यं आणि राष्ट्रीय उद्यानं नाव घेऊन आहेत. २०१७च्या मार्चमध्ये प्राधिकरणाने गाभा क्षेत्रात वनहक्क देऊ नयेत असं पत्र काढलं होतं. त्यावर आक्षेप आले आणि वर्षभरात ते मागे घ्यावं लागलं. आजही त्या पत्राचा हवाला देणारे भेटतात.

मग प्रत्यक्षात होतं काय? क्रम उलटा लागतो. महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी २००७च्या अखेरीस घाईघाईने गाभा क्षेत्रं अधिसूचित केली, आणि वनहक्क कायदा अमलात आला तो ३१ डिसेंबर २००७ला. त्यामुळे कुठे शेती आहे, कुठे गुरं चरतात, मोहफूल कोण वेचतं, तेंदूपत्ता कोण तोडतं, देवाची जागा कुठली, या कशाचीही कायदेशीर नोंद नसताना नकाशावर रेघ आधी ओढली गेली. नंतर पुनर्वसनाची बोलणी सुरू झाली तेव्हा सामूहिक वनहक्काचा दावा एकतर भरलेलाच नव्हता किंवा कचेरीत पडून होता. आपल्या नावावर नेमकं काय आहे हेच ज्याला ठाऊक नाही, त्याने ते सोडायला दिलेली संमती कसली?

मेळघाटचं उदाहरण घेऊ. १९७३मध्ये व्याघ्रप्रकल्प योजना सुरू झाली तेव्हाच्या पहिल्या नऊ प्रकल्पांत मेळघाट होता. इथली बहुसंख्य वस्ती कोरकूंची. बोरी, कोहा आणि कुंड ही गावं या शतकाच्या सुरुवातीलाच बाहेर आली. पुढे धारगड, गुल्लरघाट, केलपाणी, बारूखेडा, सोमठाणा, अमोना, नागरतास अशी गावं उठून डोंगराच्या पायथ्याशी अकोट-तेल्हाऱ्याकडे वसली. कागदावर हे सगळं स्वेच्छा पुनर्वसन. पण २०१७मध्ये यांतली कित्येक कुटुंबं पोराबाळांसह पुन्हा जंगलातल्या जुन्या गावठाणात जाऊन बसली. प्यायचं पाणी, दवाखाना, कसायला जमीन आणि हाताला काम, या त्यांच्या मागण्या होत्या. जानेवारी २०१९मध्ये पुन्हा तेच घडलं आणि वनकर्मचारी व गावकरी यांच्यात मोठी धुमश्चक्री झाली. दोन्ही बाजूंची माणसं जखमी झाली. मनापासून आणि पुरतं मिळवून बाहेर पडलेला माणूस पावसापाण्यात मोडक्या भिंतींच्या आश्रयाला परत जात नाही.

यावर ठरलेलं उत्तर असतं: “पैसे दिले होते, त्यांनी उडवले.” हे ऐकून माझा संयम सुटतो. २००८ला प्रत्येक कुटुंबामागे १० लाख ठरले. ती रक्कम २०२१मध्ये १५ लाख झाली. मधली तेरा वर्षं आकडा जागचा हलला नाही आणि सपाटीवरच्या जमिनीचे भाव मात्र थांबले नव्हते. एखाद्या गावाला पुनर्वसनाचे पैसे मिळालेत हे पंचक्रोशीत कळलं की विकणारा भाव चढवतो, हेही कोणी ध्यानात घेत नाही. जंगलात सरपण, चारा, भाजी, मोह, मासे यांना पैसे पडत नव्हते. बाहेर आल्यावर पहिल्या दिवसापासून प्रत्येक गोष्ट विकत. सगळी रोख घेऊन निघण्याचा पर्याय निवडणाऱ्याची रक्कम त्याच्या नावाने बँकेत ठेवावी, जमीन खरेदीचा पुरावा आला की जिल्हा प्रशासनाने ती टप्प्याने मोकळी करावी, असं प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांतच आहे. म्हणजे सोबत उभं राहायची जबाबदारी सरकारने स्वतःच पत्करलेली आहे. ती पाळली गेली नाही, तर दोष पासबुक पहिल्यांदा हातात धरणाऱ्याचा नव्हे.

दुसरा पर्याय वनखात्याने वसवून देण्याचा. त्यात १५ लाखांतला ३५ टक्के वाटा शेतजमिनीसाठी, ३० टक्के हक्कांच्या मोबदल्यासाठी, २० टक्के घरासाठी, १० टक्के सामुदायिक सोयींसाठी आणि ५ टक्के प्रोत्साहन म्हणून धरलेला आहे. शेतजमीन दोन हेक्टर. हे नीट झालं तर काय होतं ते कर्नाटकातल्या भद्रामध्ये दिसलं. २००१-०२च्या सुमारास तिथली चारशेहून अधिक कुटुंबं बाहेर आली. त्यांना पाण्याखालची शेतजमीन आणि घरासाठी जागा मिळाली, आणि बोलणी कित्येक वर्षं चाललेली होती. संशोधक कृती कारंत यांनी या पुनर्वसनाचा अभ्यास २००७मध्ये प्रसिद्ध केला. बहुसंख्य कुटुंबं नव्या जागी समाधानी होती, अडचणीही त्यांनी नोंदवल्या. जमीन आधी आणि माणूस नंतर हलला, हा मेळघाट आणि भद्रामधला फरक मला सगळ्यांत मोठा वाटतो.

म्हणून उलट बाजूचा गैरसमजही खोडायला हवा. प्रत्येक पुनर्वसन म्हणजे जबरदस्ती, असं नाही. पावसाळ्यात तुटणारा रस्ता, बाळंतिणीला झोळीत घालून न्यावं लागणं, रानडुकरांनी झोपवलेलं शेत, मुलीच्या शिक्षणाला लागलेला विराम, हे सारं भोगून “आम्हाला बाहेर काढा” म्हणणारी कुटुंबं आहेत. त्यांतही तरुणांचं मत वेगळं आणि म्हाताऱ्यांचं वेगळं असू शकतं. शहरात बसून त्यांना जंगलाशी असलेल्या नात्याची आठवण करून देणं हा त्यांच्यावर अन्यायच आहे. जायचं की राहायचं हे त्यांनी ठरवायचं, आणि दोन्ही वाटा खऱ्याखुऱ्या उघड्या असायला हव्यात.

आता वाघाकडे येतो, कारण हे सगळं त्याच्या नावाने चाललंय. मोकळ्या जागेची वाघाला गरज नाही, असं मी म्हणत नाही. एका वाघाला वर्षाला साधारण पन्नास मोठे तृणभक्षी लागतात. म्हणजे त्याच्या वाट्याच्या जंगलात पाचेकशे चितळ, सांबर, गवे हवेत. वाघिणीला बछडी वाढवायला जवळपास दोन वर्षं लागतात. ८० ते १०० वाघ टिकून राहायचे तर ८०० ते १,००० चौरस किलोमीटरचं निर्वेध क्षेत्र हवं, असं प्राधिकरण मानतं. ताडोब्यात नवेगाव आणि जामणी ही गावं उठल्यावर तिथल्या शेतांची कुरणं झाली, तृणभक्षी आले आणि मागोमाग वाघ आले. वाघासाठी मोकळी झालेली जागा खरी आहे, ती नाकारणारे स्वतःचीच बाजू कमकुवत करतात.

पण “माणूस आहे तिथे वाघ टिकत नाही” हे मात्र साफ चूक. वाघांचे अभ्यासक यादवेंद्रदेव झाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध जानेवारी २०२५मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. त्यानुसार दोन दशकांत भारतात वाघांचं क्षेत्र सुमारे ३० टक्क्यांनी वाढून १,३८,२०० चौरस किलोमीटरपर्यंत गेलं, आणि त्याच भूभागात सुमारे सहा कोटी माणसं राहतात. सुरक्षित गाभे आणि माणसांसोबतचं क्षेत्र, दोन्ही मिळून ही वाढ झाली, असं तो निबंध सांगतो. कर्नाटकातल्या बिळिगिरी रंगनाथ टेकड्या २०११मध्ये व्याघ्रप्रकल्प झाल्या, आणि त्याच वर्षी तिथल्या सोलिगा आदिवासींच्या ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळाले. २०१०ला तिथे ३५च्या आसपास वाघ मोजले होते, २०१४ला ६८. वाघ सोलिगांमुळे वाढले असं यावरून सिद्ध होत नाही, पण सोलिगा असताना ते वाढले, एवढं नक्की. आणि सरिस्का रिकामं झालं ते शिकारी टोळ्यांनी आणि ढिसाळ राखणीने.

बाकीचे समज भराभर संपवतो.

गावं हलली की माणसांवरचे हल्ले थांबतील? २०२२च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ होते, आणि चंद्रपूर जिल्ह्यातले निम्म्याहून अधिक वाघ ताडोब्याच्या बाहेर आहेत. तेंदू-मोहाच्या हंगामात ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल भागात जीव जातात ते गाभ्याबाहेर, तिथे पुनर्वसन हा उपायच नाही.

गाभ्यातली गावं म्हणजे अतिक्रमण? यांतली कित्येक वनग्रामं ब्रिटिश काळातल्या वनखात्यानेच लाकूडतोडीला मजूर हवेत म्हणून वसवली.

बफरमधली गावंही उठणार? नाही, बफर हा कायद्यानेच माणूस आणि वन्यप्राणी यांच्या सहजीवनासाठी राखलेला पट्टा आहे.

एका घराला पन्नास लाख मिळतात? अठरा वर्षांवरचा मुलगा, अठरा वर्षांवरची अविवाहित मुलगी, विधवा किंवा घटस्फोटित स्त्री, अपंग व्यक्ती यांना स्वतंत्र कुटुंब धरतात, म्हणून एका चुलीवर दोन-तीन वाटे येऊ शकतात. आणि ते त्या प्रत्येकाने आयुष्य नव्याने उभं करायचे पैसे आहेत.

गाव गेलं की जंगल आपोआप येतं? तरोटा, रानतुळस आणि घाणेरी आधी येतात. मारवेल-पवन्यासारखं गवत यायला वर्षानुवर्षं उपटणं, पेरणं, राखणं लागतं, आणि त्या कामावर उठलेल्या गावातल्याच बाया-माणसांना घेता येतं.

पर्यटनाचा वाघाला त्रास नसतो? सर्वोच्च न्यायालयाने २०१२मध्ये गाभ्यातलं पर्यटन काही महिने थांबवलं होतं. नंतरच्या मार्गदर्शक सूचनांनी ते गाभ्याच्या कमाल वीस टक्के भागापुरतं ठेवलं. गुराख्याला निर्वेध क्षेत्राचं कारण सांगून बाहेर काढायचं आणि त्याच वाटेने सफारीच्या जिप्सी सोडायच्या, हे मला कुठल्याही तर्काने पटत नाही.

शेवटचा समज ताजा आहे. जून २०२४मध्ये प्राधिकरणाने राज्यांना पत्र पाठवलं: देशभरात ५९१ गावं, ६४,८०१ कुटुंबं अजून गाभ्यात आहेत, त्यांच्या पुनर्वसनाचा कालबद्ध कार्यक्रम द्या. तेव्हापासून “आता मुदत लागलीय” असं गावोगाव सांगितलं जातं. पत्राने कायदा बदलत नाही, आणि संमतीला बाहेरून तारीख घालता येत नाही. कोणी “गाव तयार आहे” म्हणालं, तर ग्रामसभेने चार कागद मागावेत: गावाच्या वैयक्तिक आणि सामूहिक वनहक्क दाव्यांचे निकाल, सहजीवनाचा पर्याय का उरला नाही याचा अभ्यासकांनी सही केलेला अहवाल, नव्या जागेच्या जमिनीचे सातबारे, आणि संमतीच्या ठरावाच्या सभेची हजेरी. वनहक्क नियमांत २०१२ला झालेल्या बदलानुसार त्या हजेरीत निम्मे सदस्य दिसले पाहिजेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया. यांतला एक जरी कागद नसेल, तर गाव अजून तयार नाही, एवढंच उत्तर लेखी द्यावं आणि त्याची पोच घ्यावी.