अपस्मार : घरच्या माणसांनीं काय पाहावें?



अपस्मार अथवा फेफरें म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें एकच चित्र उभें राहतें. रस्त्यांत कोणी धाडकन् कोसळतो, हातपाय झाडूं लागतो, तोंडास फेंस येतो, भोंवतीं माणसें जमतात आणि कोणी तरी त्याच्या नाकाशीं कांदा नाहीं तर वहाण धरतो. हें चित्र खोटें नाहीं. परंतु तें अपुरें आहे, आणि त्या अपुरेपणामुळें सुशिक्षित घरांतहि हा विकार कित्येकदां वर्षानुवर्षें ओळखल्यावांचून राहतो. म्हणून आज मी जें सांगणार आहें, तें कॉलेजांत जाणाऱ्या अथवा नुकत्याच नोकरीस लागलेल्या मुलामुलींच्या घरच्या माणसांस उद्देशून.

एक नेहमीं घडणारा प्रकार घ्या. सोळा-सतरा वर्षांची मुलगी परीक्षेसाठीं रात्रीं उशिरापर्यंत जागते. सकाळीं उठल्यावर पहिल्या अर्ध्या तासांत तिचे हात मधूनच झटक्यानें उडतात. चहाचा पेला सांडतो, वेणी घालतांना हातांतील फणी दूर जाऊन पडते. शुद्ध जात नाहीं, दुखत नाहीं. आई तिला धांदरट म्हणते, आजी म्हणते अशक्तपणा आहे, आणि गोष्ट तेथेंच संपते. मग एके दिवशीं, बहुधा जागरणानंतरच्या सकाळीं, ती एकाएकीं कोसळते व सर्वांग ताठ होऊन आंचके देऊं लागतें. घराला वाटतें, आजार आज आला. वस्तुतः तो कित्येक महिन्यांपूर्वींच येऊन ठेपलेला असतो. पौगंडावस्थेंत सुरू होणाऱ्या ह्या प्रकाराचें सविस्तर वर्णन डीटर यांत्स ह्या जर्मन डॉक्टरांनीं १९५७ सालीं केलें. जागरण व मद्य हे त्याचे मोठे शत्रु. कांहीं जणांना लुकलुकणाऱ्या प्रकाशानेंहि झटका येतो.

असें कां व्हावें? मेंदूंतील पेशींचा परस्परांशीं चालणारा व्यवहार विजेच्या सूक्ष्म लहरींनीं चालतो. एरवीं तो शिस्तीनें चालतो. परंतु कांहीं क्षण पुष्कळशा पेशी एकदमच, बेतालपणें, उत्तेजित झाल्या कीं झटका येतो. उपद्रव मेंदूच्या ज्या भागांत, त्या भागाचें काम बिघडतें. म्हणून सगळे झटके सारखे दिसत नाहींत. कोणाला पोटांतून कांहीं वर चढत आल्यासारखें वाटतें. कोणाला नसलेला वास येतो, अथवा समोरचा प्रसंग पूर्वीं घडून गेला आहे असा भास होतो. कोणी बोलतां बोलतां थांबतो, एकटक पाहतो, ओंठ चाटतो, सदऱ्याच्या गुंड्या चाळवतो. हांक मारली तरी उत्तर देत नाहीं. एक-दोन मिनिटांनीं तो भानावर येतो, पण कांहीं काळ गोंधळलेला असतो. घरचे ह्यास विसराळूपणा किंवा उद्धटपणा समजतात. झोपेंतील झटका तर कोणाच्याच दृष्टीस पडत नाहीं. सकाळीं जीभ चावलेली, अंग ठणकत असलेलें, अंथरूण ओलें, एवढीच खूण उरते.

आतां दुसरी बाजू. प्रत्येक कोसळणें म्हणजे अपस्मार नव्हे. फार वेळ उन्हांत उभें राहिल्यानें, उपाशीपणानें किंवा रक्त पाहून जी साधी मूर्च्छा येते, तिच्या आधीं बहुधा डोळ्यांपुढें अंधारी येते, घाम सुटतो, चेहरा पांढराफटक पडतो. आणि आडवें होतांच माणूस लवकर शुद्धीवर येतो. अशा मूर्च्छेंतहि दोन-चार आंचके येऊं शकतात, हें लक्षांत ठेवावें. उलट, जिभेची कड चावली जाणें व नंतर बराच वेळ भान न येणें हें अपस्मार सुचवितें. धांवतांना अथवा व्यायाम करतांना जो तरुण एकाएकीं कोसळतो, किंवा ज्याच्या घराण्यांत कोणी तरुणपणींच अकस्मात् दगावलें आहे, त्याचें हृदय आधीं तपासलें पाहिजे. मनावरील ताणामुळेंहि झटक्यासारखे प्रकार होतात. तें ढोंग नव्हे, पण त्याचा उपचार निराळा. तेव्हां रोगाचें नांव घरींच ठरवूं नये.

मग घरच्यांनीं करावें तरी काय? त्यांनीं उत्तम साक्षीदार व्हावें. अपस्मार ह्या शब्दांतच स्मृति जाण्याचा अर्थ आहे. ज्याला झटका येतो त्याला बहुधा तो आठवत नाहीं, आणि डॉक्टर तर त्या वेळीं तेथें नसतात. जें कांहीं कळायचें तें पाहणाऱ्याकडूनच. आधीं काय चाललें होतें? आंचके कोणत्या बाजूनें सुरू झाले? डोळे उघडे होते कीं मिटलेले? चेहऱ्याचा रंग कसा होता? घड्याळाप्रमाणें किती मिनिटें गेलीं? पूर्ण भान केव्हां आलें? हें त्याच दिवशीं वहींत लिहावें. हल्लीं प्रत्येकाच्या खिशांत फोन असतो. दुसरें कोणी रुग्णाजवळ असेल तर त्यावर चित्रण करावें. तें पाहून लाज वाटेल, पण डॉक्टरांस तें शंभर प्रश्नांहून अधिक सांगतें. आणि तपासणीस जातांना ज्यानें झटका पाहिला त्यालाच बरोबर न्यावें.

प्रत्यक्ष झटक्याच्या वेळीं धीर धरावा. आसपासच्या टोंचणाऱ्या वस्तु दूर कराव्यात, डोक्याखालीं मऊ कापड ठेवावें, आंचके ओसरतांच त्याला कुशीवर वळवावें. हातपाय दाबून धरूं नयेत. तोंडांत चमचा, बोट किंवा पाणी कांहींहि घालूं नये. झटका पांच मिनिटांत थांबला नाहीं, किंवा शुद्धीवर येण्यापूर्वींच दुसरा आला, तर १०८ वर फोन करून तत्काळ रुग्णालय गांठावें. पहिला झटका लवकर थांबला तरी डॉक्टरांकडे जाणें टाळूं नये. आणि निदान होईपर्यंत वाहन चालविणें, एकट्यानें पोहणें व स्नानगृहाची कडी आंतून लावणें बंद असावें.

मेंदुविकारतज्ज्ञ मेंदूच्या विद्युल्लहरींचा आलेख काढतात. मनुष्याच्या मेंदूचा असा पहिला आलेख हान्स बर्गर ह्यांनीं १९२४ सालीं घेतला व १९२९ सालीं प्रसिद्ध केला. मात्र दोन झटक्यांच्या मधल्या काळांत हा आलेख निर्दोष येऊं शकतो. तेवढ्यावरून अपस्मार नाहीं असें म्हणतां येत नाहीं. म्हणून कधीं कधीं रात्रीं कमी झोपवून तो पुन्हां घेतात. एम्. आर्. आय. चित्रांत जुना व्रण, गांठ, किंवा आपल्या देशांत नेहमीं आढळणारी फीतकृमीच्या अळीची पुटी दिसूं शकते. प्रकार नेमका ओळखणें अगत्याचें, कारण एका प्रकारास गुणकारी असलेलें कार्बामाझेपिन वर सांगितलेल्या सकाळच्या झटक्यांत अपाय करूं शकतें. व्हाल्प्रोएट हें प्रभावी औषध गर्भास बाधक ठरूं शकतें. म्हणून मुलीच्या बाबतींत हा प्रश्न आरंभींच काढावा. चालू औषध मात्र आपल्या मनानें कधींहि एकाएकीं थांबवूं नये.

आणि आतां त्या गोष्टीकडे वळतों, जी घरांत कुजबुजत बोलली जाते : लग्न कसें होईल? ह्या भीतीला एके काळीं कायद्याचाहि आधार होता. १९७६ सालीं हिंदु विवाह कायद्यांत जी दुरुस्ती झाली, तिनें वारंवार येणारा अपस्मार हा विवाहास प्रतिबंध ठरविला होता. १९९९ सालीं तो शब्द कायद्यांतून वगळण्यांत आला. कायदा बदलला, घरें अजून बदलावयाचीं आहेत. आजार लपवून लग्न झालें कीं गोळ्याहि लपवाव्या लागतात. लपविलेल्या गोळ्या चुकतात, आणि चुकलेल्या गोळीमागून झटका येतो. तो चुलीपाशीं किंवा जिन्यावर आला म्हणजे लपविण्याची किंमत त्या मुलीलाच द्यावी लागते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें जगांत सुमारें ५ कोटि लोकांस अपस्मार आहे, आणि योग्य निदान व उपचार झाल्यास त्यांपैकीं शेंकडा ७० पर्यंत लोक झटक्यांवांचून राहूं शकतात. शिक्षण, नोकरी, संसार हें सारें त्यांना शक्य आहे. तेव्हां सकाळीं कोणाच्या हातून पेला पुन्हां पुन्हां उडूं लागला, तर रागें भरण्यापूर्वीं क्षणभर त्या हाताकडे नीट पाहावें, आणि जें दिसेल तें डॉक्टरांस सांगावें.