उसाचा उतारा आणि टिंबाचा हिशेब

दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांचे बॉयलर पेटतात, गव्हाणीत मोळी पडते आणि वाळव्यापासून कराडपर्यंत पारावर, चहाच्या टपरीवर एकच चौकशी सुरू होते : यंदा उतारा किती? शंभर किलो ऊस गाळल्यावर जितके किलो साखर पोत्यात पडते, तेवढे टक्के उतारा. साडेबारा टक्के पडला तर आठ टन उसाला एक टन साखर. एक अष्टमांश म्हणा, ०.१२५ म्हणा, साडेबारा टक्के म्हणा, साखर तेवढीच. शाळेत मात्र हे तीन वेगळे धडे असतात आणि पोरं ते तीन वेगळ्या परीक्षांसारखे पाठ करतात.

केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, ठरवली. त्यापुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे जादा. हा ०.१ टक्का जरा जवळून बघावा, कारण भले भले तिथे घसरतात. टक्का म्हणजे शंभरावा भाग. त्याचा दहावा हिस्सा म्हणजे हजारावा भाग, दशांशात ०.००१. टनात किलो हजार. म्हणजे टनभर उसात फक्त एक किलो साखर जास्त! त्या किलोपोटी शेतकऱ्याला टनामागे ३४ रुपये ६० पैसे मिळतात. एकरी साठ टन ऊस गेला, तर २,०७६ रुपये. उतारा ११.७५ धरला, तर पायापेक्षा दीड टक्का वर, म्हणजे ३.४६ पंधरा वेळा : ५१ रुपये ९० पैसे. क्विंटलला ४०६.९०, टनाला ४,०६९. तोडणी-वाहतूक यातूनच वजा होते, ते वेगळे दुखणे.

३.४६ तरी कुठून आले? १०.२५ टक्क्यांत ०.१ चे तुकडे १०२.५ पडतात, ३५५ ला त्यांनी भागायचे, बस्स. उतारा १०.२५ वरून ११.२५ झाला की आपण ‘एक टक्क्याने वाढला’ म्हणतो. पण मुळात जेवढी साखर पडत होती तिच्या तुलनेत ही वाढ पावणेदहा टक्के आहे आणि दरही त्याच मापाने चढतो. टक्का ऐकला की पहिला प्रश्न हवा : कशाचा?

जुन्या पिढीला हा प्रश्न पडत नसे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अगदी साडेतीनची औटकीसुद्धा तोंडपाठ. वहीत आकड्यापुढे एक उभा दंड पाव, दोन दंड अर्धा, तीन दंड पाऊण. रुपया सोळा आण्यांचा, त्यामुळे अर्धे, पाव, अष्टमांश बिनबाकी निघत. १ एप्रिल १९५७ ला रुपया शंभर नव्या पैशांचा झाला आणि एक आणा सव्वासहा पैशांवर अडला. पाव पैसा द्यायचा कुठून? मग एका आण्याला ६, दोनला १२, तीनला १९ आणि चारला २५ असा तोडगा निघाला. पुढे चार आण्यांचे नाणेही ३० जून २०११ नंतर चलनातून गेले, बोलण्यातून नाही.

आटपाडी, जत, माण, खटावमध्ये तर आण्याचा संबंध थेट दुष्काळाशी. पिकाची आणेवारी कागदोपत्री कधीच पैसेवारी झाली, लोक अजून आणेवारीच म्हणतात. ठरलेल्या प्रमाण उत्पन्नाला रुपया धरायचा आणि हाती आलेले पीक त्याचे किती पैसे, ते काढायचे. पन्नास पैशांच्या आत आले की टंचाईच्या सवलतींची दारे उघडतात. नाव पैशाचे असले तरी ही सरळसरळ टक्केवारी आहे.

सर्वांत जास्त पैसा मात्र जमिनीच्या आकड्यात बुडतो. एक एकर वीस गुंठे बोलण्यात ‘एक वीस’ होतात आणि कोणीतरी कागदावर १.२० लिहितो. एकराचे गुंठे चाळीस, म्हणून हे क्षेत्र दीड एकर, १.५०. कॅल्क्युलेटरला गुंठे कळत नाहीत, तो १.२० म्हणजे एक एकर आठ गुंठे धरतो. बारा गुंठे टिंबाने खाल्ले! सातबारावर हेक्टर-आर असतात आणि हेक्टराचे आर शंभर, तिथे टिंब बरोबर चालते. पण हेक्टर म्हणजे अडीच एकर हा बोलीतला हिशेब कच्चा आहे. खरे २.४७१ एकर, दोन एकर एकोणीस गुंठ्यांना किंचित कमी. सांगली-मिरजेच्या आसपास गुंठ्यावर व्यवहार होतात, तिथे हा सव्वा गुंठ्याच्या आतबाहेरचा फरक कोणी सोडून देत नाही.

तेव्हा विसारपावती करताना १.२० वर समाधान मानू नका. ‘एक एकर वीस गुंठे’ असे अक्षरांत लिहून घ्या, शेजारी हेक्टर-आर मांडा आणि मगच सही करा.