अपडाउनवाल्यांच्या खिशातलं ऑफिस

अमेरिकन कॉलेज म्हटलं की सिनेमातली हिरवळ आणि होस्टेलच्या खोल्या आठवतात. अटलांटा शहराच्या भर बाजारपेठेतलं जॉर्जिया स्टेट विद्यापीठ या चित्रात कधी बसलंच नाही. 1913 साली ते संध्याकाळचे वाणिज्य वर्ग म्हणून सुरू झालं. दिवसभर नोकरी करायची, मग वर्गात बसायचं आणि रात्री घर गाठायचं, ही इथली अनेक दशकांची रीत. विद्यापीठाला पहिलं वसतिगृह मिळालं तेही 1996च्या ऑलिंपिकनंतर, खेळाडूंसाठी बांधलेल्या इमारतींमध्ये.

अपडाउन म्हणजे काय, हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. कसाऱ्याहून मुंबईला येणारी किंवा एसटीचा पास काढून तालुक्याला जाणारी मुलं घरोघरी आहेत. त्यांचं अडतं ते बहुतेकदा वर्गाबाहेर. दोन लेक्चरांच्या मधल्या वेळेत ऑफिसात जावं, तर खिडकीवर ‘जेवणाची सुट्टी’ची पाटी! होस्टेलमधला विद्यार्थी शेजारच्या खोलीत विचारून घेतो, अपडाउनवाल्याला शेजारची खोलीच नसते.

जॉर्जिया स्टेटमध्ये 2003च्या सुमारास सहा वर्षांत पदवी पूर्ण करणारे जेमतेम 32 टक्के होते. पुढे आणखी एक गळती लक्षात आली. प्रवेश पक्का केलेली बरीच मुलं उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर वर्गात उगवतच नव्हती. ती काही नापास झालेली नव्हती. कुणाचा सरकारी मदतीचा अर्ज अडकलेला, कुणाचा लसीकरणाचा दाखला राहिलेला.

मग 2016च्या उन्हाळ्यात विद्यापीठाने ‘पाउन्स’ आणला. पाउन्स हा विद्यापीठाचं बोधचिन्ह असलेला पँथर. तेच नाव मोबाइलवर मेसेजने बोलणाऱ्या चॅटबॉटला दिलं. वेगळं अॅप नको, पासवर्ड नको. मुलांनी मध्यरात्रीही विचारावं आणि लगेच उत्तर मिळावं. उत्तर सापडलं नाही तर प्रश्न कर्मचाऱ्याकडे जाई आणि त्याने दिलेलं उत्तर पुढच्यांसाठी साठवलं जाई. शिवाय हा बॉट नुसता प्रश्नांची वाट पाहत बसत नसे. कुणाचा कुठला कागद राहिलाय हे पाहून तो आपणहून आठवण करी. पहिल्याच उन्हाळ्यात त्याने दोन लाखांहून अधिक उत्तरं दिली. काही विद्यार्थ्यांना ही सोय आणि काहींना नेहमीचीच व्यवस्था, अशी चिठ्ठ्या टाकून केलेली तुलना संशोधकांनी तपासली, तेव्हा ही उन्हाळी गळती सुमारे एकपंचमांशाने कमी झालेली दिसली. माणसापुढे विचारायला लाज वाटते असे पैशाचे प्रश्न मुलं यंत्राला बिनधास्त विचारत होती, हेही यातून कळलं.

त्याआधी, 2012 पासून, विद्यापीठ जुन्या निकालांचा वापर करू लागलं होतं. दहा वर्षांतल्या सुमारे पंचवीस लाख गुणांच्या नोंदी चाळून धोक्याच्या आठशे खुणा काढल्या गेल्या. त्यातली एक मजेशीर आहे. नर्सिंगचा विद्यार्थी पदवीपर्यंत पोचेल का, हे नर्सिंगच्या पहिल्या विषयापेक्षा सुरुवातीच्या गणिताच्या गुणांवरून नीट ओळखता येत होतं! खूण दिसली की सल्लागार विद्यार्थ्याला बोलावून घेई. फीच्या थोड्या बाकीपायी नाव कटण्याची वेळ आलेल्यांना 2011 पासून छोटी अनुदानं मिळू लागली, सरासरी 900 डॉलरच्या आसपास. पदवीचं प्रमाण पुढे 54 टक्क्यांपर्यंत गेलं. विशेष म्हणजे कृष्णवर्णीय आणि गरीब घरांतली मुलं यात मागे राहिली नाहीत.

या वाटेवर खड्डेही आहेत. अमेरिकेतली काही विद्यापीठं असा धोका मोजताना विद्यार्थ्याचा वंशही हिशेबात धरत होती, हे ‘द मार्कअप’ या वृत्तसंकेतस्थळाने 2021 मध्ये उघड केलं. अमुक समाजातली म्हणून एखाद्या मुलीच्या नावापुढे आधीच लाल खूण पडणार असेल, तर तिला सोपा विषय घे म्हणून सुचवायला कितीसा वेळ लागणार? आपल्याकडे हा प्रश्न जातीच्या रकान्यापाशी येऊन थांबेल.

जॉर्जिया स्टेटची गोष्ट सांगताना सगळे संगणकाचं कौतुक करतात. त्याच काळात तिथे 42 नवे सल्लागार नेमले गेले, ही बाब मात्र मागे पडते. एकेका सल्लागाराकडे सातशेच्या आसपास विद्यार्थी होते, ते तीनशेवर आले. धोक्याची खूण दिसल्यावर फोन उचलायला माणूस होता, म्हणून त्या खुणेचा उपयोग झाला. आपल्या कॉलेजांनीही नव्या सॉफ्टवेअरची निविदा काढण्याआधी एवढं बघावं: मुलांचा मेसेज आला, तर उत्तर द्यायला ऑफिसात कोण आहे?